बोट ट्रेलरचे दिवे आणि खारं पाणी : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५ : तक्रार आणि पहिली तपासणी

ट्रेलर एका अ‍ॅक्सलचा, गॅल्वनाइज्ड चौकोनी नळीचा. मागे बल्बवाले दोन दिवे, गाडीला जोडायचा प्लग सात पिनांचा, १२एन नावाचा. तक्रार अशी : डावा इंडिकेटर लावला की उजव्या दिव्यातला ब्रेकचा बल्ब त्याच तालावर मंद लुकलुकतो आणि डावा इंडिकेटर स्वतः जेमतेम लाल होतो.

हे लक्षण दिसलं की बल्ब बदलत बसू नये. डाव्या दिव्याचा अर्थ (करंट परत जायची जोडणी, इथे चेसिस म्हणजे ट्रेलरच्या सांगाड्यातून) गेलाय. करंट पिवळ्या वायरने येतो, इंडिकेटरच्या २१ वॅटच्या फिलॅमेंटमधून होल्डरच्या सामायिक पत्र्यावर उतरतो. तिथून चेसिसकडे जायला वाट नाही, म्हणून ब्रेकच्या फिलॅमेंटमधून उलटा लाल वायरवर चढतो. लाल वायर दोन्ही दिव्यांना एकच, त्यामुळे तो उजव्या दिव्यात जातो आणि तिथला शाबूत अर्थ गाठतो. तीन फिलॅमेंट एकामागे एक आले की प्रत्येकाच्या वाट्याला चारेक व्होल्ट येतात, मग एकही धड पेटत नाही. ओढणाऱ्या गाडीचे ब्रेकलाइट थेट त्याच लाइनवर असतील तर तेही मिणमिणतात आणि लोक गाडीच्या फ्यूजबॉक्समध्ये दोष शोधत राहतात.

डाव्या बाजूचा अर्थ चेसिसला एका सेल्फ-टॅपिंग स्क्रूने दिला होता. स्क्रूभोवतीचं जस्त संपलंय, खाली तांबूस भुगा. स्क्रू बोटांनी निघाला.

दिव्यांना प्लगपर्यंत वेगळी अर्थ वायर नाही, चेसिसमधला हा स्क्रू हाच अर्थ. म्हणजे करंट स्क्रू, चेसिस, कपलर (ट्रेलरचं गाडीला अडकणारं तोंड) आणि टो बॉल (गाडीमागचा गोळा) असा परत येतो. कपलरमध्ये ग्रीस असतं, बॉलवर गंज असतो, रस्त्याच्या खड्ड्यांत दोघं एकमेकांवर आपटतात. गोड्या पाण्यातसुद्धा ही व्यवस्था बेभरवशाची. खाऱ्या पाण्यात ती फक्त किती लवकर जाते एवढाच प्रश्न.

१२ जानेवारी : वायर तपासली

मल्टिमीटरची बीप आली म्हणजे वायर चांगली, असं धरू नये. तीस तारांच्या वायरीत एक तार शिल्लक असली तरी बीप वाजते, कारण मीटर जेमतेम मिलिअँपिअर सोडतं. खरी तपासणी लोडवर करायची. दिव्याच्या जागी २१ वॅटचा सुटा बल्ब जोडायचा, तो साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो, आणि मग व्होल्टेज मोजायचं. आज ब्रेकच्या लाल वायरवर बल्बाशिवाय १२.४ व्होल्ट दिसले, बल्ब जोडताच ७ च्या खाली. पिवळी आणि हिरवी एवढ्या वाईट नाहीत. तपकिरी आणि काळी म्हणजे दोन बाजूंचे टेल, त्या या दोन्हींच्या मधल्या अवस्थेत.

लाल वायरच सगळ्यात आधी का जाते, याला कारण आहे. बोट उतरवायच्या उतारावर ट्रेलर पाण्यात असतो तेव्हा चालकाचा पाय ब्रेकवर असतो. प्लग काढलेला नसेल तर तेवढा सगळा वेळ लाल वायरवर पूर्ण १२ व्होल्ट आणि भोवती समुद्राचं पाणी. नळाच्या पाण्याच्या मानाने हे पाणी साधारण शंभरपट चांगलं वाहक. होल्डरच्या पॉझिटिव्ह टोकाचं तांबं अक्षरशः विरघळून पाण्यात जातं, अर्थच्या टोकावर बुडबुडे सुटतात. नुसतं भिजून गंजायला महिने लागले असते, ते काम करंट काही खेपांत उरकतो.

लाल वायरचं टोक सोललं. वरून इन्सुलेशन ठणठणीत, आत तांबं काळं. सोलत मागे गेलो तर जवळजवळ ४० सेंटिमीटर काळंच. तारांमधल्या फटींतून खारं पाणी केशाकर्षणाने आत चढतं आणि सुकत नाही. काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही, थिंबलही (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपणही) दाबून नीट बसत नाही. टोक कापून नवा जोड देणाऱ्यांचा जोड काही दिवसांत पुन्हा जातो तो यामुळे. जुनी वायरिंग सगळी काढून टाकायची.

नळीच्या आत मधोमध एक जोड सापडला : प्लास्टिकची क्लिप, वायर न सोलता पाती खुपसून दाबायची. या क्लिपा कोरड्या डॅशबोर्डमागे ठीक. इथे पाती इन्सुलेशनला चीर देते आणि त्या चिरेतून पाणी दोन्ही बाजूंना पसरतं. टाकाऊ.

१८ जानेवारी : दिवे कोणते

सगळ्यात टिकाऊ उपाय म्हणजे दिवे पाण्यात न घालणं. दिवे एका फळीवर बसवायचे, फळी बोटीच्या मागच्या बाजूला अडकवायची, वायर बोटीवरून पुढे आणायची आणि बोट उतरवण्याआधी फळी काढून ठेवायची. ज्यांचं पाण्यात उतरणं कधीमधी आहे त्यांनी यापुढचं वाचायची गरज नाही. इथे फळी नाकारली, कारण रिकामा ट्रेलरही रस्त्याने न्यावा लागतो आणि तेव्हा फळीला आधार उरत नाही.

म्हणून सीलबंद एलईडी. इथे आयपी आकड्यांबद्दल, म्हणजे वस्तू धूळ-पाणी किती रोखते याच्या दर्जाबद्दल, थोडं. आयपी६७ मधला ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण त्या चाचणीत पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात पाच अंशांपेक्षा जास्त फरक ठेवत नाहीत, आणि पाणी गोडं असतं. आपला दिवा महामार्गावरून तापून येतो आणि थंड पाण्यात जातो. आतली हवा ६० अंशांवरून २० वर आली तर तिचा दाब सुमारे १२ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे दिवा पाण्याखाली फक्त ३० सेंटिमीटर असला तरी सीलवर दीड मीटर खोलीएवढा ओढ बसतो. बल्बच्या दिव्यात पाणी घुसतं ते याच ओढीने, आणि गरम काचेला थंड पाणी लागून बल्ब तडकतो तो वेगळाच. (चाकाच्या हबचंही तेच : तापलेला हब थंड होताना ऑइल सीलमधून पाणी आत ओढतो. पण ते काम वेगळं.)

यावर मार्ग दोन. एक तर आत हवाच नसावी, म्हणजे सर्किट पूर्ण रेझिनमध्ये बुडवलेलं. नाहीतर दिवा सरळ उघडा ठेवून तळाला भोक, पाणी आत यावं आणि जावं, पण मग आतला प्रत्येक भाग त्यासाठी बनवलेला हवा. रबराच्या गॅस्केटवर स्क्रूने लेन्स आवळलेला दिवा हा मधला प्रकार. तो पाणी आत घेतो आणि बाहेर सोडत नाही, म्हणून सगळ्यात वाईट. आयपी६९के लिहिलेलं पाहूनही भुलू नये, तो आकडा जोराच्या फवाऱ्याचा आहे, बुडण्याचा नाही.

२ फेब्रुवारी : बादली चाचणी

दहा लिटर पाण्यात ३५० ग्रॅम मीठ. समुद्राच्या खारटपणाला हे जवळचं.

दोन प्रकारचे दिवे आणले : गॅस्केटचा आणि रेझिनचा. दोन्ही आधी ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलले. मग टेल आणि ब्रेक दोन्ही लावून अर्धा तास तापवले, बंद करून लगेच बादलीत. दहा मिनिटं बुडवून बाहेर, स्वच्छ पुसून पुन्हा काट्यावर. हेच बऱ्याच वेळा. बुडबुडे दिसतात की नाही यापेक्षा वजन जास्त खरं बोलतं. बुडबुडे बसवायच्या खोबणीतल्या हवेचेही असतात, आणि थंड होणारा दिवा पाणी शोषतो तेव्हा बुडबुडा येतच नाही.

गॅस्केटचा दिवा काही ग्रॅमने जड झाला. दुसऱ्या दिवशी लेन्सच्या आत धुकं. रेझिनच्या दिव्याचं वजन काट्याच्या शेवटच्या अंकापुरतंही हललं नाही. रेझिनचा घेतला.

दुसरी चाचणी केबलच्या शिरकावाची. दिवा बादलीत, बादलीत एक उघडी स्टीलची सळई. मीटरचं एक टोक सळईला, दुसरं दिव्याच्या प्रत्येक वायरला आळीपाळीने. मीटरवर रेंजबाहेर दिसलं पाहिजे. किलोओममधला आकडा दिसला आणि तो हळूहळू सरकत राहिला, तर पाणी कुठेतरी तांब्याला लागलंय. केबल जिथे दिव्यात शिरते तिथे ती हाताने वाकवून धरून हीच चाचणी पुन्हा करायची, बऱ्याच दिव्यांची गळती तिथेच असते.

८ फेब्रुवारी : आराखडा

नियम एकच ठेवला : पाणरेषेच्या खाली एकही जोड नाही. दिव्यांचा दर्जा, ग्रीस, स्लीव्ह हे सगळं त्यानंतर.

बोट उतरवताना ट्रेलरचा मागचा भाग बुडतो, विंचचा (बोट ओढून घ्यायच्या चरकाचा) पुढचा खांब साधारणपणे वर राहतो. म्हणून जंक्शन बॉक्स खांबावर, विंचच्या खाली. प्लगपासून बॉक्सपर्यंत सात कोअरची (आत सात वायरी असलेली) केबल, बॉक्सपासून प्रत्येक दिव्यापर्यंत अखंड केबल. दिवे ७ मीटरच्या साच्यात ओतलेल्या केबलसकट मागवले. नेहमीच्या दिव्याला जेमतेम वीतभर वायर असते आणि मग जोड नेमका पाण्याखाली येतो. मागवतानाच लांब केबल मागायची, नंतर काही करता येत नाही. फेंडरवरच्या साइड मार्करच्याही केबल मधे न जोडता थेट बॉक्सपर्यंत. नंबरप्लेटसाठी वेगळा दिवा नाही, डाव्या दिव्याच्या तळाला पारदर्शक खिडकी आहे.

पुढची सात कोअरची केबल २.५ मीटर, १.५ चौरस मिलिमीटरची, प्रत्येक तार कल्हई केलेली. नुसत्या बाहेरून चकाकणाऱ्या वायरीवर जाऊ नये, टोक कापून आतल्या तारा रुपेरी आहेत का ते बघावं. दिव्यांची केबल ०.७५ ची आहे, ती पुरते का? ७ मीटर जाऊन येऊन १४ मीटर, रोध सुमारे ०.३२ ओम. एलईडी ब्रेक ०.३ अँपिअर घेतो, म्हणजे घट ०.१ व्होल्ट. २१ वॅटचा बल्ब असता तर अर्ध्या व्होल्टहून जास्त गेलं असतं. पुरते.

रंग १२एन प्रमाणेच शेवटपर्यंत ठेवायचे : १ पिवळी डावा इंडिकेटर, २ निळी मागचा फॉग, ३ पांढरी अर्थ, ४ हिरवी उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवा टेल, ६ लाल ब्रेक, ७ काळी डावा टेल. प्रत्येक दिव्याची स्वतःची पांढरी वायर बॉक्सपर्यंत येते. चेसिसचा परतीची वायर म्हणून कुठेच वापर नाही.

१५ फेब्रुवारी : केबल ओढली

नळीच्या आतून की बाहेरून यावर दोन मतं आहेत. आत केबल घासली जात नाही, पण नळीत वाळू आणि खारं पाणी साचतं आणि तो गाळ कधी पूर्ण सुकत नाही. अखंड आवरणाच्या केबलला गाळाचं वावडं नाही, धारेचं आहे. म्हणून आतूनच ओढली, पण प्रत्येक भोकाची कड कानस मारून गोल केली, उघडं पडलेलं लोखंड जस्ताच्या रंगाने झाकलं आणि रबरी ग्रोमेट बसवला. नळीच्या मागच्या टोकाला तळात १२ मिलिमीटरचं भोक आधीच होतं, ते गाळाने बुजलं होतं, मोकळं केलं.

जुन्या वायरीलाच नवी बांधून ओढायचा मोह होतो. कुजलेली वायर मधेच तुटते. आधी नायलॉनची दोरी ओढून घ्यावी, मग केबल.

दिवे बसवताना : स्टेनलेस बोल्ट, मागे नायलॉनचा वॉशर, म्हणजे स्टेनलेस आणि जस्त थेट भिडत नाहीत. नट हाताने टेकल्यावर पाव फेरा, बस. आवळून दिव्याची पाठ वाकली की लेन्सच्या कडेची वेल्डिंग केसाएवढी उकलते आणि आयपीचा आकडा तिथेच संपतो. नट सुटू नये म्हणून नायलॉन-लॉक नट, जोर नाही.

१६ फेब्रुवारी : जंक्शन बॉक्स

बॉक्स हवाबंद करायचा प्रयत्न केला नाही. उन्हात तापून आणि रात्री निवून तो श्वास घेतोच, आणि हवाबंद म्हणवणाऱ्या बॉक्समध्ये आलेली वाफ आतच पाणी होऊन बसते. सगळे ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते तिथे तिच्याभोवती आवळायचे नट) तळाकडे तोंड करून, केबलला ग्लँडच्या आधी खाली झुकणारा वळसा, आणि तळाच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ३ मिलिमीटरचं भोक. पाणी यायला वाट अवघड, जायला सोपी.

ग्लँडमध्ये गोल केबल एकच. दोन केबल एका ग्लँडमध्ये कोंबल्या तर मधली फट कितीही आवळलं तरी मिटत नाही.

आत स्क्रूची पट्टी न लावता दाबून केलेले कल्हईदार रिंग थिंबल आणि पितळी स्टड. प्रत्येक थिंबलच्या मानेवर आतून गोंद असलेली तीनास एक आकसणारी स्लीव्ह. हीट गनने तापवताना दोन्ही टोकांतून गोंदाचा बारीक कडा बाहेर आलेला दिसला पाहिजे. कडा दिसला नाही तर स्लीव्ह नुसती टोपी आहे, सील नाही. स्टडवर सिलिकॉन ग्रीस, पण नट आवळल्यावर. ग्रीस करंट वाहत नाही, ते पाणी दूर ठेवतं, धातूला धातू आधी भिडलेला हवा.

झाकणाला सिलिकॉन सीलंट लावायचाच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारा वापरू नये. त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आणि बंद बॉक्समधलं तांबं हिरवं होतं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेला घ्यावा.

२२ फेब्रुवारी : इंडिकेटर भरभर मारतो

गाडीत ट्रेलरच्या दिव्यांवर नजर ठेवणारं मॉड्यूल असतं, त्याला २१ वॅटचा बल्ब अपेक्षित आहे, एलईडी त्याच्या एक-दशांशही करंट घेत नाही, म्हणून ते बल्ब उडाल्याचं समजतं. दोन्ही इंडिकेटरला समांतर ६.८ ओम, ५० वॅटचे अ‍ॅल्युमिनियमच्या कवचातले रेझिस्टर लावले. इंडिकेटर पेटलेला असताना एकेक २५ वॅटहून जास्त उष्णता सोडतो, म्हणून प्लास्टिकच्या बॉक्समध्ये नाही, खांबाच्या लोखंडावर बोल्टने, मधे उष्णता वाहणारी पेस्ट. खांब पाण्याबाहेर राहतो हा इथे पुन्हा फायदा. ब्रेक लाइनवर रेझिस्टर लावला नाही : सिग्नलला पाय ब्रेकवर ठेवून मिनिटंच्या मिनिटं थांबलं की तो हात भाजण्याइतका तापेल. मॉड्यूलला ब्रेकसाठीही लोड लागतच असेल तर मॉड्यूलची एलईडीची सेटिंग बदलून घ्यावी.

१ मार्च : जोड द्यावाच लागला तर

मागून केबल तुटली आणि नवा दिवा हाताशी नाही, अशा वेळेसाठी पद्धत लिहून ठेवतोय. बाहेरचं आवरण १० सेंटिमीटर सोलायचं. आतल्या चार वायरी एकाच जागी न जोडता दोन-दोन सेंटिमीटरच्या अंतराने जोडायच्या, म्हणजे जाड गाठ होत नाही. बाहेरची मोठी स्लीव्ह जोडण्याआधी केबलवर सरकवून ठेवायची, हे सगळेच विसरतात. प्रत्येक वायरला गोंदाच्या स्लीव्हचा दाबायचा बट जोड, योग्य खाचेच्या पक्कडने. पक्कड आणि थिंबल एकमेकांच्या मापाचे नसतील तर जोड ओढल्यावर निसटतो, म्हणून प्रत्येक जोड हाताने जोर लावून ओढून बघायचा.

नुसता सोल्डर नको. सोल्डर तारांमधून पुढे चढतो, जिथे संपतो तिथे वायर कडक आणि मऊ यांच्या सीमेवर हादऱ्यांनी तुटते. इन्सुलेशन टेप तर पाणी धरून ठेवायलाच बरी.

सगळ्यावर १५ सेंटिमीटरची जाड गोंदाची स्लीव्ह, दोन्ही बाजूंना मूळ आवरणावर किमान अडीच सेंटिमीटर चढलेली. आवरण आधी अल्कोहोलने पुसायचं, हाताचं ग्रीस राहिलं की गोंद धरत नाही. मग सळईची बादली चाचणी.

९ मार्च : उतारावरचा क्रम

वापरणाऱ्यासाठी हा क्रम खांबावर चिकटवला. उतारावर येण्याआधी प्लग काढा, झाकण लावा, तोंड खाली करून खांबावर अडकवा. दिवे बल्बचे असतील तर निवायला दहा-पंधरा मिनिटं द्या, बोटीचे पट्टे सोडण्यात ती जातातच. बोट चढवून वर आल्यावर प्लग लावण्याआधी पिना बघा, ओल्या असतील तर फडक्याने टिपा. मग सगळे दिवे एकदा लावून बघा, रस्त्यावर जायच्या आधी.

धुणं त्याच दिवशी. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते हवेत ३३ टक्के आर्द्रता असली तरी ओलावा ओढतं. साधं मीठ ७५ टक्क्यांच्या आसपास ओढतं. म्हणजे धुतला नाही तर ट्रेलर सुकलेला दिसतो पण ओलाच असतो. नळीच्या पुढच्या टोकातून पाण्याची धार सोडायची, मागच्या भोकातून स्वच्छ पाणी येईपर्यंत. दिव्यांवर आणि ग्लँडवर प्रेशर वॉशर नको.

२० सप्टेंबर : पाहणी

दिवे दोन्ही कोरडे, वजन जसंच्या तसं (पुन्हा काढून तोललं). सळईची चाचणी सगळ्या वायरींवर रेंजबाहेर. बॉक्सच्या तळाशी ओलसर धूळ, भोक कोळ्याच्या जाळ्याने अर्धं बुजलं होतं. काडीने मोकळं केलं, आता त्यात बारीक जाळीचा तुकडा बसवलाय.

प्लगची अवस्था मात्र मध्यम. ३ नंबरच्या अर्थ पिनेवर काळपट थर, बाकी पिना पिवळ्या. अर्थमधून सगळ्या दिव्यांचा आणि रेझिस्टरचा मिळून करंट जातो, म्हणून थोडाही रोध आला की गरम होणारी पिन तीच. पितळी ब्रशने घासली, पिनेच्या चिरेत पातळ पातं घालून किंचित फाकवली, म्हणजे सॉकेटमध्ये घट्ट बसते. हिरवा थर असता तर व्हिनेगर, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग स्वच्छ पाणी, आणि पूर्ण सुकल्यावरच ग्रीस. पाणी हटवणारा स्प्रे मारून सोडून देऊ नये, तो उडून जातो आणि मीठ तिथेच राहतं.

लोडवर मोजणी : २१ वॅटचा बल्ब बॉक्सच्या स्टडवर जोडून लाल आणि पांढरीमध्ये घट ०.२ व्होल्ट. तीनच टक्क्यांच्या आत आहे, चालेल. त्यातली जवळपास निम्मी घट केबलची, बाकीची प्लग आणि गाडीच्या सॉकेटमध्ये. गाडीचा सॉकेट अजून जुनाच आहे, झाकणाची स्प्रिंग ढिली, आत पाणी शिंतडतं. तो पुढच्या वेळी बदलायचा, त्याच्याही तळाला पाणी जायला भोक आहे का ते घेतानाच बघून.